सुपाचा काठ

आनसामावशी पदराच्या टोकाला मोहरी बांधून यायची. दुसऱ्या बाया त्या गाठीत तंबाखूची पुडी ठेवतात, सुट्टे पैसे ठेवतात. हिची मोहरी. आमच्यातल्या कुणाचं सूप विणून झालं की ती गाठ सोडायची, चिमूटभर मोहरी सुपात टाकायची अन् सूप गदागदा हलवायची. एक दाणा जरी विणीतून खाली आला तर सूप परत आपल्या मांडीवर. "उसव," म्हणायची. रागावून नाही, ओरडून नाही. पाणी दे म्हणावं तसं. अन् तो पडलेला दाणा आपणच शोधून तिच्या हातावर ठेवायचा. फरशीच्या भेगेत गेला तर काडीनं उकरून काढायचा. समाजमंदिराच्या त्या फरशीवर मी किती रांगले त्याला हिशोब नाही.

छान म्हणून ती कधी बोलली नाही. सूप जमलं तर मोहरी परत पदरात बांधायची अन् पुढच्या बाईकडं सरकायची. शाबासकी ती तेवढीच.

ते दिवस म्हणजे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते अन् केबलची वायर आमच्या वस्तीतसुद्धा पत्र्याच्या फटीतून आत शिरली होती. माझा मालक पिंपरीकडं कारखान्यात होता. कारखाना बंद पडला. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. पदरात दोन पोरं. मी सोसायट्यांमधून धुणी-भांडी करायचे. मग घरोघरी कपडे धुवायची मशिनं आली अन् एकेका घरानं धुण्याचं काम काढून घेतलं. त्यांची काही चूक नाही. मशीन घेतलं तर माणूस वापरणारच. "शांताबाई, भांड्यांना मात्र तुम्हीच हं," असं म्हणायच्या. पण नुसत्या भांड्यांवर घर चालत नाही. रडत बसले नाही. आमच्यात ती सवयच नव्हती. आईनं माझ्या बापाच्या मागं चार लेकरं वाढवली, तिला मी कधी रडताना बघितलं नाही, झोपताना पण क्वचितच.

तर आमच्या समाजमंदिरात वंदनाताई म्हणून एक बाई यायच्या. सदाशिव पेठेतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांची बायकांसाठी संस्था होती. आपल्या मातीतल्या कला आपल्या बायकांच्या हातात राहिल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनात होतं. आधी त्यांनी भिंतीवर चित्रं काढायचा वर्ग लावला. आमच्याकडं भिंती कुठं होत्या, पत्रे होते. तो वर्ग आपोआप मोडला. मग एक दिवस त्या आनसामावशीला घेऊन आल्या अन् म्हणाल्या, "या आनसाबाई. बांबूकाम शिकवतील. सूप, टोपली, दुरडी. शिकलात तर विकता येईल."

मी बघितलं. काळी, काटकुळी, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं. ताईंनी खुर्ची दिली, ती तिनं बाजूला सरकवली अन् खाली बसली. मग आमच्याकडं न बघता कोयत्यानं बांबू उभा फोडला. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून सुरीनं सर्रकन कामटी सोलली. कामटी म्हणजे बांबूची पट्टी. इतकी पातळ की त्यातून उजेड दिसावा. ती आमच्यापुढं टाकली अन् म्हणाली, "हे आलं की पुढचं. ज्यांना घाई हाय त्यांनी प्लॅस्टिकचं घ्यावं."

तिचं माहेर लोणी काळभोरचं, त्यामुळं बोली तशी. सासर इथलंच, मंडईच्या मागच्या अंगाला त्यांच्या बुरूड लोकांची गल्ली होती तिथलं. पिढ्यान् पिढ्या बांबूचं काम.

पहिल्या दिवशीच माझं बोट कापलं. चांगलं खोल. मी बोट तोंडात घातलं अन् गप्प बसले. तिनं बघितलं. सोललेल्या बांबूवरची पांढरी भुकटी नखानं खरवडून माझ्या बोटाला लावली अन् म्हणाली, "ओरडली न्हाईस."

म्हणलं, "ओरडून काय होतं?"

"काही न्हाई व्हत. पण बाकीच्या ओरडत्यात." मग सुरी खाली ठेवून, "नाव काय तुझं?"

वर्गातल्या बायांमध्ये पहिलं नाव तिनं माझं विचारलं. बाकीच्यांना बरेच दिवस 'ए निळ्या लुगड्याची', 'ए बांगडीवाली' असंच चाललं होतं.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. आनसामावशी पाण्याची बाटली घरून आणायची. आम्ही बौद्ध. छप्पन साली आमच्या आज्यानं धर्म घेतला. पण कोण कुठलं पाणी पितंय, कोण पेला वरून धरतंय, हे बघायची डोळ्याची सवय काही धर्म बदलून जात नाही. सगळ्यांनी बघितलं. कुणी बोललं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी तिची बाटली संपली. ती बराच वेळ रिकामी बाटली बाजूला ठेवून काम करत राहिली. मग उठली, कोपऱ्यातल्या आमच्या माठाजवळ गेली, ओगराळं बुडवलं अन् घटाघटा प्याली. सगळ्या बायांचे हात थांबले होते. तिनं तोंड पुसलं अन् म्हणाली, "खारं हाय तुमचं पाणी."

"बोअरचं आहे," मी म्हणलं.

"तरीच." अन् खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून बाटली आली नाही. पाणी खारं आहे ही कुरकुर मात्र ती रोज करायची.

आमच्या बाजूनंही सगळं सरळ होतं असं नाही. माझा दीर सरकारी कचेरीत शिपाई होता, वस्तीत त्याला मान होता. तो दारात येऊन म्हणाला, "वहिनी, आपण आपला जातीचा धंदा सोडला तो काय दुसऱ्याच्या जातीचा उचलायला? पोरांना शिकवा, टोपल्या कसल्या वळताय?"

मी म्हणलं, "पोरांना शिकवायलाच वळतेय."

तो वर्गातही आला एकदा बोलायला. आनसामावशीपुढं उभा राहून म्हणाला, "बाई, हे तुमच्या लोकांनी करायचं काम. आमच्या बायकांना कशाला लावता?"

मावशीनं मान वर केली नाही. म्हणाली, "माझ्या लोकास्नी पण हेच म्हणायचंय. तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा. तवर आम्ही इणतो."

तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिच्या गल्लीतही कुरकुर चालू आहे.

आता काठाचं सांगते, कारण सगळं त्यावर येऊन अडलं. सूप विणून, वाकवून आकाराला आणलं तरी ते सूप होत नाही. भोवतीनं काठ लागतो. दोन जाड पट्ट्या आतून-बाहेरून बसवायच्या अन् बांबूच्या हिरव्या सालीची दोरीसारखी पट्टी काढून तिनं बांधत जायचं. कोपऱ्यात गाठ येते, ती दिसत नाही. काठ नसला तर सूप चार दिवसांत फिसकटतं, कुणी फुकट घेत नाही.

आनसामावशी आम्हाला सगळं शिकवायची. बांबू ओला कसा ओळखायचा, कुठल्या पेरापासून फोडायचा, कामटी कुठं जाड ठेवायची. पण काठ नाही. आमची झालेली सुपं सुतळीनं तात्पुरती बांधून ती घरी घेऊन जायची अन् काठ लावून परत आणायची. आम्हाला वाटलं, शेवटी शिकवील. मग मीच एकदा विचारलं.

ती मिश्री लावत होती. थुंकून आली अन् म्हणाली, "काठ माझ्याकडं. त्यो माझ्याकडंच ऱ्हाईल."

"का मावशी?"

"वर्ग घ्यायच्या आधी गल्लीतल्या मोठ्या माणसांनी देवीपुढं बोलावलं. म्हनले, बाहेरच्यांना शिकवशील तर आमच्या लेकरांनी खायचं काय? त्यांचं खोटं न्हाई. सुपं आता प्लॅस्टिकची आली, पत्र्याची आली. जे उरलंय त्यात पण वाटेकरी कशाला? मी म्हनलं, इणायला शिकवते, काठ बांधायला शिकवनार न्हाई. देवीच्या पायाशी हात ठिवला." मग माझ्याकडं बघून, "शब्द दिलाय. त्यामुळं परत इचारू नको."

मी परत विचारलं नाही. पण मनात आलं ते विचारलं. "मग शिकवायला तरी का आलात?"

"सुनांना नखं वाढवायची असत्यात," ती म्हणाली. "एकजण पार्लरचं शिकतीय. पोरगा कंपनीची गाडी चालवतो. माझ्याजवळ बसायला कोण हाय? हात रिकामा ऱ्हायला की मला झोप येत न्हाई."

दोन वर्षं वर्ग चालला. मग संस्थेला कुणीतरी कॉम्प्युटर दिले. समाजमंदिरात टेबलं आली, पडदा आला, पोरं चपला बाहेर काढून आत जायला लागली. ते चांगलंच झालं. माझ्या थोरल्यानं तिथंच पहिल्यांदा ते यंत्र बघितलं. वंदनाताई वाईट वाटून म्हणाल्या, "शांताबाई, जागा एकच आहे हो, मी काय करू?" मी म्हणलं, "ताई, आम्ही घरी विणू. हात तर आमचेच आहेत."

बऱ्याच बायांनी सोडून दिलं. आम्ही पाचजणी राहिलो. घरी विणायचो, काठाला आनसामावशीकडं न्यायचो, मंडईच्या बाजूला बसून विकायचो. दळण-पाखडण कमी झालं होतं तरी गौरीला, लग्नाला, बारशाला सूप लागतंच. चार घरं भांडी अन् हे, असं माझं कसंतरी जमलं होतं.

मग गल्लीतून निरोप आला. आनसामावशीच्या जावेनं, धोंडाबाईनं बोलणं काढलं होतं. धोंडाबाई मंडईत आमच्यापासून थोड्या अंतरावर सुपं घेऊन बसायची. ती म्हणाली, ह्या बायांची सुपं आपल्या गल्लीत येतात, आपला काठ लावून जातात अन् आपल्याच नाकासमोर विकली जातात. हे शिकवण्यापेक्षा वाईट. मोठ्या माणसांनी आनसामावशीला सांगितलं, त्यांना काठ लावून द्यायचा नाही.

ती सांगायला स्वतः आली. माझ्या दारात उभी राहिली अन् म्हणाली, "आता न्हाई जमायचं, शांते."

माझ्या घरात विणलेली सुपं छतापर्यंत रचली होती, सगळी बिनकाठाची. पोरांची शाळा तोंडावर. मी म्हणलं, "बरं."

तिनं दारातूनच त्या सुपांकडं बघितलं. "बरं काय?"

"मग काय म्हणू? तुम्ही शब्द दिलाय."

ती गेली. मी रात्री पोरांना जेवायला वाढलं अन् त्या सुपांतलं एक चुलीत घालायला घेतलं. ओल्या बांबूचा धूर होतो म्हणून परत ठेवलं.

दोन दिवसांनी भर दुपारी आनसामावशी परत आली. पाठीवर गोणपाट. आजवर ती माझ्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आत आली, गोणपाट उलटं केलं. जुनी, मोडकी, काळी पडलेली सुपं. म्हणाली, "ही उसवायची हाईत. मला काठाच्या पट्ट्या पाहिजेत, जुनी पट्टी चिवट असती. कापायचं न्हाई. गाठ जशी बसलीय तशी उलटी सोडवत जायचं. घाई करायची न्हाई."

अन् दाराकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ फिरवून, उंबऱ्यात बसली.

मी पहिलं सूप घेतलं. गाठ सापडेना. नखं मोडली. शेवटी कोपऱ्यात एक टोक हाताला लागलं, पट्टीखाली दडपलेलं. ते ओढलं तर अडकलं. मी म्हणलं, "मावशी, हे खालून आलंय का—"

"मला इचारू नको. मी रस्ता बघतीय."

रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. दुसरं काही नव्हतं.

मी सोडवत गेले. एक फेर वरून, दोन खालून, कोपऱ्यात उलटा वळसा, अन् टोक आपल्याच पोटाखाली. पहिलं सूप सुटेपर्यंत ऊन दारातून निघून गेलं. दुसरं लवकर सुटलं. तिसऱ्याला कळायला लागलं की पुढचा फेर कुठून येणार. ती एकदाही वळली नाही. मधे एकदा पाठमोरीच म्हणाली, "तो काळा काठ माझ्या सासूचा हाय. जपून सोड, ती लई आवळायची."

संध्याकाळी ती पट्ट्या गोळा करून निघाली. "उद्या आनखी आनते," म्हणाली. असं ती बरेच दिवस येत राहिली. एवढी जुनी सुपं तिनं कुठून गोळा केली, विचारलं नाही. पट्ट्यांचं तिनं काय केलं तेही विचारलं नाही. ज्या दिवशी माझे हात न बघता गाठ सोडवायला लागले त्या दिवशी ती म्हणाली, "संपली सुपं." अन् चहा न घेता गेली.

मी पहिला काठ बांधला तो वाकडाच. दुसरा बरा. मग चौघींना दाखवला. दिवाळीच्या आधी आम्ही काठाची सुपं घेऊन मंडईत बसलो.

धोंडाबाई उठून आली. जाडजूड बाई, चालताना बांगड्या वाजायच्या. माझं एक सूप उचललं, उलटं केलं, कोपऱ्याखाली अंगठा फिरवला. चेहरा बदलला तिचा. म्हणाली, "ही गाठ आमच्या सासूची हाय."

मी सूप तिच्या हातातून घेतलं अन् परत रांगेत ठेवलं.

त्या रात्री आनसामावशीला देवीपुढं बोलावलं. पुढचं तिनंच कधीतरी सांगितलं, ते सुद्धा दुसरंच काही बोलताना. विचारलं, शिकवलंस? म्हणाली, न्हाई. मग त्यांना आलं कसं? म्हणाली, मी जुनी सुपं उसवायला दिली होती. कशाला दिलीस? पट्ट्या पाहिजे होत्या. कोणी ओरडलं नाही. म्हाताऱ्यांना सगळं कळलं होतं. एक जण म्हणाला, "आनसे, देवीला तरी फसवू नको." तिनं सांगितलं, "देवीला मी तवाच सांगितलंय. ती काही बोलली न्हाई."

शिक्षा अशी काही झाली नाही. गल्लीनं तिच्याशी बोलणं टाकलं एवढंच. पण गल्लीच आपलं जग असेल तर एवढंच म्हणजे किती, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ती चहाला बसायची तिथून बाकीच्या बाया उठून जायच्या. आमच्यापुढं तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आम्ही भेटलो की म्हणायची, "काठ ढिला हाय तुमचा," अन् पुढं जायची.

दोन-तीन वर्षांनी तिच्या नातीचं, थोरल्या मुलाच्या रेखाचं लग्न निघालं. त्यांच्या गल्लीची एक रीत होती. मुलीच्या लग्नाच्या दुरड्या एकटीनं विणायच्या नसतात. आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया एका ओट्यावर बसून विणतात, मुलीबरोबर सगळ्यांचा हात जातो असं म्हणतात. रेखाच्या दुरड्यांना कुणी येणार नाही, असं आमच्या कानावर आलं. सून म्हणत होती, बाजारातून आणू. आनसामावशी म्हणाली होती, मी एकटी विणीन.

आम्ही पाचजणींनी सुऱ्या पिशवीत टाकल्या. दीर दारात उभाच होता. "आता त्यांच्या देवीच्या दुरड्या विणायला चालला?"

म्हणलं, "देवीच्या नाही, आनसामावशीच्या." त्याला बाजूला सरकावं लागलं. सरकला.

गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं. मावशी ओट्यावर एकटी, भोवती कामट्यांचा ढीग. आम्हाला बघून म्हणाली, "कशाला आलात? चहाला दूध न्हाई."

"बिनदुधाचा पिऊ," मी म्हणलं. बसलो.

सकाळभर विणलं. समोरच्या दारात धोंडाबाई उभी. तांदूळ निवडायचं निमित्त, पण ताटातले तांदूळ हलत नव्हते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आम्ही काठ बांधायला घेतले. आमच्यातली सुमन गाठ ओढत होती. समोरून आवाज आला, "ओढ की अजून. परकराची नाडी बांधतीस का काय?"

सुमननं ओढलं. "अजून. अगं अजून." मग ताट आपटल्याचा आवाज. धोंडाबाई गल्ली ओलांडून आली, सुमनच्या हातातून दुरडी ओढून घेतली अन् आमच्यामध्ये जागा करून बसली. "पोरगी सासरी जानार, ह्या दुरड्या तिथं चार बायका बघनार. गल्लीची लाज काढाल. हे बघ. गुडघ्यात धर. हां. आता अंगठा हितं."

आनसामावशी आपल्या दुरडीवरून नजर न उचलता म्हणाली, "काय गं धोंडे, आता कोन शिकवतंय?"

"मी शिकवत न्हाई. मी शिव्या देतीय."

मावशीनं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. धोंडाबाई प्याली. थोड्या वेळानं अजून दोघी आल्या. सगळी गल्ली काही आली नाही. काही दारं शेवटपर्यंत बंद राहिली. पण दुरड्या दिवेलागणीला पुऱ्या झाल्या, अन् कुठली कुणाची ते आम्हाला ओळखू येईना.

मावशीनं त्या दिवशीपण मोहरी टाकून बघितली. धोंडाबाईच्या दुरडीत आधी.

पुढं सगळं भराभर बदललं. माझा थोरला हिंजवडीला कंपनीत लागला, आधी झाडलोट, मग स्टोअरमध्ये. गल्लीतली घरं बिल्डरकडं गेली. मावशीच्या धाकट्यानं धायरीला फ्लॅट घेतला अन् तिला घेऊन गेला. तिथं गेल्यावर तिच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू आखडली. मी अधूनमधून बसनं जायचे. धोंडाबाई वारली तेही मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आधी गेली. कायम पुढं पळायची." अन् भिंतीकडं तोंड केलं.

त्या वर्षी गौरीच्या तोंडावर धोंडाबाईचा मुलगा माझ्या घरी आला. टेम्पोत सुपं भरलेली, बिनकाठाची. म्हणाला, "मावशी, आमच्यात आता काठ बांधणारं कुणी उरलं नाही. तुम्ही बांधून द्याल का?"

मी त्याला चहा दिला. म्हणलं, उद्या सांगते. सुपं उतरवून घेतली नाहीत अन् सकाळी धायरीची बस धरली.

आनसामावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. सुनेनं टीव्ही लावून दिला होता, आवाज बंद. मी सगळं सांगितलं. धोंडाबाईचा मुलगा आला, सुपं आणली, गल्लीत कुणी राहिलं नाही. म्हणलं, "मावशी, बांधू का?"

ती टीव्हीकडंच बघत राहिली. "मला काय इचारतीस? मी कुठं शिकवलंय तुला?"

"तरी विचारायला पाहिजे."

"मग इचारलंस. झालं." अन् डाव्या हातानं दार दाखवत म्हणाली, "जा आता. गौरी जवळ आल्या. हितं बसून सुपं व्हनार न्हाईत."

मी उठले. पाया पडायची आमच्यात पद्धत नाही अन् तिला आवडायचंही नाही. तिच्या उशीची खोळ सरळ केली अन् निघाले. तेच शेवटचं भेटणं. दिवाळीत ती गेल्याचा निरोप आला.

पण त्या दिवशी मी जिना उतरून फाटकापाशी पोचले अन् वरून हाक आली. "शांते."

वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मावशी उभी. एकटी कशी उठली, भिंत धरून कशी आली, काय माहीत. मागून सून "अहो सासूबाई, पडाल," करत होती. मावशीनं कठड्यावर पोट टेकलं होतं.

"ती साल भिजवून घे," ती ओरडली. "कोरडी ओढलीस तर पिचंल. अन् कोपऱ्यात दोन येळा खालनं घ्यायचं, एकदा न्हाई. तू एकदाच घेतीस. मला म्हाईत हाय."

वॉचमन उठून उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाया खिडकीत आल्या. मावशीनं डावा हात हवेत वर केला अन् दाखवायला लागली. खालून घे. वर काढ. परत खालून. वळसा. आता ओढ.

मी पिशवी खाली ठेवली अन् फाटकात उभी राहून तिच्यासारखे हात हलवायला लागले.

"असं न्हाई," ती वरून म्हणाली. "परत."